दिवेलागणीचा धूर : डासांवरील घरगुती उपायांची मराठवाड्यातील पार्श्वभूमी

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी, लिंबोळीचे तेल, गवती चहा, कापूर अशा डासांवरच्या घरगुती उपायांकडे लोक पुन्हा वळत आहेत आणि त्यांची कृती सांगणाऱ्यांची कमतरता नाही. मात्र हे उपाय कोणत्या घरांत, कोणत्या डासांसाठी आणि दिवसाच्या कोणत्या वेळेसाठी रूढ झाले, हे क्वचितच सांगितले जाते. मराठवाड्यात तर या प्रश्नांवाचून त्यांचा गुण कळत नाही आणि उणीवही कळत नाही.

कडुनिंबाला आमच्याकडे नुसते ‘लिंब’ म्हणतात. त्याचा पाला ज्वारीच्या कणगीत जाई, कांजिण्या आलेल्या लेकराच्या अंथरुणाखाली जाई आणि पावसाळ्यात रोज संध्याकाळी निखाऱ्यावर जाई. बीड जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी दिवेलागणीला आजी फुटक्या घमेल्यात दोन-तीन गवऱ्या पेटवी आणि जाळ बसून निखारा झाला की त्यावर अर्धवट सुकलेला पाला पसरी. पाला पेटू द्यायचा नाही, तो नुसता धुमसला पाहिजे, यावर तिचा कटाक्ष असे. घमेले आधी गोठ्यात, मग ओसरीवर आणि शेवटी माजघरात फिरे; तोवर आम्ही मुले डोळे चोळत अंगणात थांबलेलो असू. माळवदाच्या घराला भिंती जाड आणि खिडक्या जवळजवळ नसतातच, त्यामुळे कोंडलेला धूर बराच वेळ आत राही आणि माळवदातल्या झरोक्यातून सावकाश बाहेर पडे. या धुराने डास मरत नसत. माणसाच्या अंगाचा वास आणि उच्छ्वास यांचा माग काढत येणाऱ्या डासाला धुरात तो माग नीट लागत नाही, म्हणून तो तेवढ्यापुरता दूर राही.

ही रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जखमी रुग्णाच्या खोलीत मोहरी, लिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी, असे सांगितले आहे; त्याच ग्रंथात डासांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय असे पाच प्रकारही दिलेले आहेत. तेथे धुरीचा हेतू जखमेचे आणि रुग्णाचे रक्षण हा आहे, डास पळवणे हा नव्हे, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्या घरांतही या दोन हेतूंची सरमिसळ होती. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली यांची धुरी होई, ती सर्दी-पडशासाठी आणि दृष्ट लागू नये म्हणून. डास कमी होत, हा वरचा लाभ. गुरुवारी बाजारपेठेत दुकानोदुकानी लोबानाचा धूर देत जाणारा फकीर आणि देवघरातला ऊद हे याच सवयीचे शेजारी. निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात लोबान, ऊद, गुग्गुळ ही नावे सर्वांच्याच तोंडी होती.

डास आणि ताप यांचा संबंध मात्र कोणाला ठाऊक नव्हता. हिवताप आला की ‘पाणी बाधले’ असे म्हणत. तो संबंध ज्या शोधातून उलगडला, तो याच निजामाच्या राज्यात लागला, ही गोष्ट मराठवाड्यात फारशी बोलली जात नाही याची मला खंत वाटते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि धाराशिव हा सारा भाग तेव्हा त्याच राज्यात होता.

त्याच सुमारास जपानमध्ये धुराच्या जुन्या रीतीला नवे वळण मिळत होते. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या फुलांची भुकटी मिसळून एइचिरो उएयामा यांनी डासांसाठी उदबत्ती तयार केली, परंतु ती लवकर जळून संपे. तिला वेटोळ्याचा आकार द्यावा, ही सूचना त्यांच्या पत्नीची, आणि तशी वडी १९०२ पासून बाजारात आली. पुढे फुलांच्या भुकटीची जागा कारखान्यात बनलेल्या तत्सम रसायनांनी घेतली. आज आपण जिला कॉइल म्हणतो, ती मुळात अशी वनस्पतिजन्यच वस्तू होती.

आपल्या गावांतून धुरी मागे पडली ती मात्र डीडीटी या कीटकनाशकामुळे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात हिवतापाचे दरवर्षी सुमारे ७.५ कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. पाठीवर पंप घेतलेले फवारणी कर्मचारी घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारीत आणि दाराशेजारी फवारणीची तारीख लिहून जात. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो आणि तेथेच मरतो, हे यामागचे तत्त्व होते. मातीच्या घरांत एक अडचण होती : सणाला किंवा लग्नकार्याला भिंती पोतारल्या, की औषध मातीखाली गाडले जाई. त्यातच डासांमध्ये डीडीटी पचवण्याची शक्ती आली, कार्यक्रमात ढिलाई आली आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा सुमारे ६४ लाखांवर गेले. जायकवाडी धरणाचे लोकार्पण त्याच वर्षीचे. कालव्याचे पाणी आले, शेते हिरवी झाली. ते पाणी हवेच होते. परंतु पाटाच्या कडेला साचणारे स्वच्छ, संथ पाणी हे ग्रामीण हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीसचे आवडते ठिकाण आहे.

पुढे घरोघरी कॉइल आली, नंतर विजेवरच्या वड्या आणि द्रव आले. भारनियमनाच्या काळात वीजच नसे, तेव्हा गावांतून घमेले पुन्हा बाहेर निघे. घरगुती उपायांना शास्त्रीय तपासणीचा आधारही याच काळात मिळू लागला. मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल तेलात २ टक्के लिंबोळीचे तेल मिसळून अंगाला लावले असता ॲनॉफिलीस डासांपासून १२ तास पूर्ण संरक्षण मिळाले. इतर डासांच्या बाबतीत ते तितके पूर्ण नव्हते. घरी हे प्रमाण म्हणजे १०० मिलिलिटर मिश्रणात २ मिलिलिटर तेल. गवती चहा किंवा सिट्रोनेलाचे तेल लवकर उडून जाते, म्हणून तास-दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. कापराविषयी मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे : दुकानात मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो, झाडापासून नव्हे, आणि तो लहान मुलाच्या पोटात गेला तर विषारी ठरतो. धुराचेही तसेच आहे. झरोका नसलेल्या स्लॅबच्या खोलीत कोंडलेला लिंबाचा धूरही छातीला धूरच असतो, आणि दम्याच्या माणसाजवळ तो करूच नये.

या साऱ्या रीतीला खरा धक्का बसला तो दुसऱ्या डासामुळे. धाराशिवला लागून असलेल्या बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली होती. २००६ मध्ये तो रोग राज्यात पुन्हा पसरला, मराठवाड्यात घरोघरी माणसे सांधे धरून बसली, आणि डेंग्यू तर आता दर पावसाळ्याचा झाला आहे. हे दोन्ही रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो. दिवेलागणीचा धूर संध्याकाळी आणि रात्री येणाऱ्या डासांच्या वेळेला बांधलेला आहे. सकाळी शाळेच्या वर्गात चावणाऱ्या डासाला तो गाठूच शकत नाही. शिवाय एडिस पाटाच्या कडेला वाढत नाही, तो घरात साठवलेल्या पाण्यात वाढतो. ज्या प्रदेशात नळाला आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येते, ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रांजण, हौद आणि प्लास्टिकची पिंपे भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो. पाणी ओतून द्या, असे येथे कोणाला सांगणे अन्यायाचे आहे.

आजीच्या घरी रांजणाच्या तोंडाला जुन्या धोतराचा दुपदरी तुकडा सुतळीने करकचून बांधलेला असे. तो धूळ आणि पाली पडू नयेत म्हणून बांधलेला असे, परंतु अंडी घालायला येणारी एडिसची मादीही त्याने अडते. ही अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी राहिली तरी काही महिने टिकतात. त्यामुळे पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. पाणी संपत आले की तळाशी राहिलेल्या तांब्याभर पाण्यात काथ्या बुडवून आतली बाजू गळ्यापासून बुडापर्यंत घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खात्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून घासण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा असतो.