खाणीतला कॅनरी: एका इंग्रजी वाक्प्रचाराची पार्श्वभूमी

प्रवाळ पांढरे पडले, बेडूक घटले की इंग्रजी बातम्यांत 'कॅनरी इन द कोल माइन' हमखास येतो. मोठ्या संकटाची पहिली चाहूल, हा अर्थ वाचकांना ठाऊक असतोच. घोळ आहे तो कोळशाच्या खाणीत नेलेला कॅनरी हा छोटा पक्षी नेमकी कशाची खबर देई, यात.

स्फोटक मिथेनची, असे बहुतेकांना वाटते. पण मिथेनसाठी 1815 पासून जाळीचा सुरक्षादिवा होता. ज्योतीवर निळसर कड दिसली की कामगार सावध होत. कॅनरीचे काम होते कार्बन मोनॉक्साइड ओळखण्याचे. स्फोट किंवा आगीनंतर बोगद्यात साचणाऱ्या या वायूला ना रंग, ना वास. 1890 च्या दशकात एका स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने खाणीतल्या स्फोटांचे बळी तपासले, तेव्हा त्यातले कित्येक या वायूनेच गेल्याचे दिसले. लहान, झपाट्याने श्वास घेणाऱ्या प्राण्यांना हा वायू माणसाआधी बाधतो, म्हणून ते सोबत नेण्याची सूचना त्याचीच. उंदीरही चालत, पण दांडीवरून कोसळणारा पक्षी अंधुक उजेडातही लगेच नजरेत येई. त्यामुळे कॅनरी हा मुख्यतः बचावपथकाचा सोबती. रोज कामावर निघालेल्या प्रत्येकाच्या हाती पिंजरा, हे चित्र नंतर रंगवलेले.

तो मरायचाच, हेही खरे नाही. काही पिंजऱ्यांना ऑक्सिजनचे नळकांडे जोडलेले असे. पक्षी पडला की दार लावून त्याला शुद्धीवर आणत. वाक्प्रचारातला कॅनरी मात्र दरवेळी मरतो.

1986 च्या अखेरीस ब्रिटनने खाणींतले दोनशेहून अधिक कॅनरी हटवायचे ठरवले. इलेक्ट्रॉनिक यंत्रे अधिक अचूक आणि पुढे स्वस्त पडतील, हे कारण पटण्याजोगे होते. पक्ष्यांना शीळ घालून खेळवणारे कामगार हळहळले. खाणकामगारांचा मोठा संप फसून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती आणि खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. पक्ष्यांच्या निवृत्तीची बातमी मात्र बाहेरच्या वाचकांना आवडली.

वाक्प्रचार त्यानंतरही फैलावतच राहिला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आधी मोजक्या वापरकर्त्यांना देतात, तिलाही 'कॅनरी' म्हणतात. हा वापर मूळ अर्थाला धरून आहे. 1950 च्या दशकात जपानच्या मिनामाता इथे पाऱ्याने विषारी झालेले मासे खाऊन मांजरे झटके येऊन मरू लागली, तेच मासे माणसेही खात होती. तिथेही हा वाक्प्रचार चपखल बसतो. एखाद्या कंपनीच्या घसरलेल्या नफ्याला कॅनरी म्हणणाऱ्या मथळ्यांत मात्र हवाही सामाईक नसते आणि पक्षीही नाजूक नसतो.