बाराव्या वर्षी मैदान सुटतं तेव्हा

सातवीपर्यंत गल्लीत लगोरी आणि क्रिकेट खेळणारी मुलगी एखाद्या सुट्टीनंतर अंगणातून दिसेनाशी होते. पाळी आलेली असते आणि ‘आता मोठी झालीस, उंडारणं बंद’ असं घरात ठरलेलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हाडं भरण्याचा काळ नेमका हाच. मोठेपणी अंगात जेवढं हाड असतं, त्याचा जवळपास पाव भाग पाळीच्या आगेमागच्या दोनच वर्षांत तयार होतो, आणि धावण्या-उड्या मारण्याच्या ताणाने तो अधिक बळकट होतो. जगभरात २०१६ साली ११ ते १७ वयातले ७८ टक्के मुलगे पुरेशी हालचाल करत नव्हते. मुलींमध्ये हेच प्रमाण ८५ टक्के होतं.

मग ताट. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि त्याबरोबर १५ ते २० मिलिग्रॅम लोह. ही तूट अन्नातूनच भरायची असते. पण पुरुष आधी आणि बायका-मुली मागून जेवणार असतील, तर डाळीचं पाणी आणि तळाशी राहिलेली भाजी कोणाच्या वाट्याला येते, हे वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, मुलग्यांमध्ये ३१ टक्के. काही फरक पाळीचा आहेच. पण झीज होते तिलाच कमी वाढायचं, ही रीत माणसांची. वजनकाट्यावर ती ठीकठाक दिसते. जिना चढताना दम लागला की ‘आळशी’ म्हणून बोलणी खाते. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको. चहातली टॅनिनं लोह अंगी लागू देत नाहीत.

मुलग्यांचा जाच निराळा. ‘काडी पहिलवान’ हा शब्द शाळेत ऐकलेला मुलगा सोळाव्या वर्षी जिम गाठतो. काहींना दंड भरले तरी आपण किडकिडीतच आहोत असं वाटत राहतं. हा एक मानसिक आजार आहे, त्याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. यातूनच कोणी स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांकडे वळतो. वाढीच्या वयात त्यामुळे हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या लवकर मिटतात आणि उंची खुंटते. घरात असं काही लक्षात आलं, तर रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावं. स्टेरॉइड थांबल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात, आणि त्या दिवसांत मुलगा मनाने फार खचू शकतो.