रेपिनचे बुर्लाक भूदास नव्हते

रशियन चित्रकार इल्या रेपिनचं ‘व्होल्गावरचे बुर्लाक’ (व्होल्गा नदीवर दोरीने नाव ओढणारे मजूर) हे चित्र भूदासांचं, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांचं, असं सर्रास सांगितलं जातं. तारखाच जुळत नाहीत. भूदासत्व कायद्याने संपलं १८६१ मध्ये. चित्र १८७० ते १८७३ मधलं. काठावरून नाव ओढणारे हे ११ जण मजुरीवर राबणारे, कागदोपत्री मोकळे. आघाडीचा कानिन तर पद गेलेला पाद्री! मधला पोरगा लार्का छातीवरचा पट्टा सैल करू पाहतोय, तर एक उंच गडी तोंडात पाइप धरून चाललाय. उजवीकडे दूरवर आगबोटीचा धूर आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. यंत्र आलं, पण यांच्या छातीवरचा पट्टा काही उतरला नाही. सरकारने चित्र दडपलं, हीही लोणकढी थाप. झारचा मुलगा व्लादिमिर यानेच ते विकत घेऊन राजवाड्यात लावलं.