फायटरने एकच शस्त्र धरावं?

“फायटरने एकच शस्त्र धरावं, बाकी सगळं वाया.” डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळात फायटर म्हणजे शस्त्रांनी लढणारं पात्र; खेळणाऱ्यांत हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि पटतंही चटकन.

आकडे बघू. 2014च्या नियमांत ग्रेटसोर्डचे, म्हणजे दोन हातांनी धरायच्या मोठ्या तलवारीचे, सहा बाजूंचे दोन फासे सरासरी 7 डॅमेज (शत्रूला होणारं नुकसान) देतात. तिची खास शैली घेतली, म्हणजे 1 किंवा 2 पडल्यावर फासा एकदा पुन्हा टाकला, की साधारण 8.33. फायदा आहे, पण फटक्यामागे दीडही नाही.

आता शत्रू उडाला. तलवारीचं डॅमेज शून्य! दादरला आमच्या टेबलावर फायटर दोन फेऱ्या नुसता वर बघत उभा होता. फेकायचा भाला पाच चांदीच्या नाण्यांत मिळतो, 30 फुटांपर्यंत बिनअडचण जातो, सरासरी 3.5 देतो, वर तलवारीसारखाच ताकदीचा बोनस मिळतो.

खात्री करायचीय? पुढच्या सेशनला वहीत मांडा, किती फेऱ्या तलवार पोचलीच नाही.