एसटीपीचा ब्लोअर रात्री बंद का करायचा नाही

आमच्याकडे एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) देखभालीचा करार असलेल्या बडोद्यातल्या सोसायट्यांसाठी

सकाळी फोन येतो, "एसटीपीचा वास मारतोय, माणूस पाठवा." माणूस येऊन चौकशी करतो तेव्हा कळतं, वीज वाचावी म्हणून कमिटीच्याच सांगण्यावरून वॉचमनने रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद केला होता. भायली, गोत्रीकडच्या नव्या सोसायट्यांत हे फार चालतं.

सांडपाणी मशीन साफ करत नाही, हवेच्या टाकीतले जिवाणू करतात. त्यांना लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन सतत लागतो. ब्लोअर थांबला की तो बघता बघता संपतो, पाणी कुजायला लागतं आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू त्यात साठत राहतो. सकाळी ब्लोअर सुरू केला की बुडबुड्यांबरोबर तो एकदम वर येतो. रात्री काही जाणवत नाही आणि वास नेमका सकाळी सुटतो, तो यामुळे. शिवाय हवा बंद असताना गाळ तळाच्या डिफ्युझरवर (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या बारीक भोकांच्या भागांवर) बसतो. डिफ्युझर चोंदले की टाकी रिकामी करण्यावाचून उपाय नाही.

हा वायू जीवघेणा आहे. टाकीत कुणालाही, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा, उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. कितीही घाई असली तरी आम्ही हे करत नाही.

आता बचतीचा हिशोब. ३ एचपीचा ब्लोअर आठ तास बंद ठेवला तर साधारण १८ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर रात्रीचे दीडशेच्या आत. उलट जिवाणू मेले की दुसऱ्या प्लांटचा चांगला गाळ आणून टाकायचा आणि ते पुन्हा वाढेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबायचं. तेवढे दिवस बागेला आणि फ्लशला प्लांटच्या पाण्याऐवजी टँकरचं पाणी.

वीज वाचवायची आमचीही इच्छा आहे. रात्री लोड कमी असतो, तेव्हा टायमरवर थोडा थोडा वेळ बंद-चालू करता येतं किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवून ब्लोअरचा वेग कमी ठेवता येतो. वेळा मात्र टाकीतला ऑक्सिजन मोजून ठरवाव्या लागतात. ब्लोअरच्या पॅनेलला आम्ही कुलूप लावतो याचा काहींना राग येतो. पण त्याची एक किल्ली सेक्रेटरींकडे असतेच, आणि आणीबाणीचं बटण कुलपाबाहेर असतं.

प्लांट ठीक आहे का, हे तुम्हीही पाहू शकता. हवेच्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या उभ्या भांड्यात अर्धा तास हलवू नका. खाली चॉकलेटी थर, वर नितळ पाणी आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास, म्हणजे उत्तम. थर काळा असेल तर लगेच फोन करा.

दिवाळीच्या साफसफाईत संडासात ॲसिडचे कॅन ओतू नका, तेही जिवाणूंना मारतं. एसटीपीशिवाय, पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं क्लोरिनही आमचा माणूस नळावर तपासतो. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. पालिकेच्या पाण्यात बोअरचं मिसळत असाल तर आधी कळवा, डोस बदलावा लागतो.

टायमर किंवा व्हीएफडीचा विचार असेल तर गेल्या सहा महिन्यांची वीजबिलं काढून ठेवा आणि कमिटीच्या मीटिंगला आम्हाला बोलवा. करारातल्या सोसायट्यांना पाहणीचा वेगळा आकार नाही.