बूस्टर लावला की चित्र सुधारतं?

अँटेनाला बूस्टर (सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र) जोडला की टीव्हीचं चित्र स्वच्छ दिसतं, हे बरीच वर्षं ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. बूस्टर सिग्नलसोबत त्यात मिसळलेला गोंगाटही वाढवतो, वर स्वतःचा थोडा घालतो. जे अँटेनापर्यंत पोचलंच नाही, ते तो आणणार कुठून? लांबलचक केबलमध्ये किंवा दोन-तीन टीव्हींना वाटताना होणारी घट भरून काढायला तो कामाचा, तोही अँटेनाजवळ बसवला तर. टीव्हीचा प्रक्षेपण टॉवर जवळ असेल तर उलट जादा सिग्नलने ट्यूनर (टीव्हीतला चॅनेल पकडणारा भाग) गुदमरतो आणि दिसणारे चॅनेलही जातात.

फ्लॅटमधली खरी अडचण भिंतींची. सळयांचं काँक्रीट सिग्नल अडवतं, आपटून आलेल्या लहरी एकमेकींना खोडतात. ६०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण ५० सेंटिमीटर. म्हणून अँटेना वीतभर सरकवला तरी कधीकधी चित्र येतं किंवा जातं. तेव्हा आधी टॉवरच्या दिशेची खिडकी धरा (काचेवर धातूचा लेप असेल तर तीही भिंतच), उंची बदलून पाहा आणि प्रत्येक वेळी टीव्हीच्या मेनूत सिग्नलची गुणवत्ता तपासा. नुसत्या ताकदीच्या आकड्यावर जाऊ नका. बूस्टर नेमका तोच फुगवतो.