मापनातील त्रुटी व अनिश्चितता : उच्च माध्यमिक भौतिकशास्त्रातील अध्यापन

कोणतेही मापन पूर्णपणे नेमके नसते, आणि ते किती भरवशाचे आहे हे आकड्याबरोबरच सांगावे लागते. ही गोष्ट अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रयोगांतून शिकवणे हा या अध्यापनाचा विषय आहे. उपकरणाचे लघुत्तम माप (त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप), शून्य त्रुटी (मोजायला काही नसतानाही उपकरण शून्याऐवजी जे दाखवते ते), पद्धतशीर (दर वेळी एकाच बाजूला जाणाऱ्या) व यादृच्छिक (दर वेळी कमीजास्त होणाऱ्या) त्रुटी, सार्थ अंक (उत्तरातले भरवशाचे अंक), त्रुटींची बेरीज, आलेखावरून काढलेला निष्कर्ष हे सारे त्यात येते. भारतात हा भाग परंपरेने अकरावीच्या सुरुवातीला, एकके व मापनाच्या प्रकरणात शिकवला जातो. प्रयोगशाळेत मात्र त्याची आठवण क्वचितच निघते. अध्यापनातील बहुतेक अडचणींचे मूळ या ताटातुटीत आहे.

शब्दांचा घोळ

पहिली अडचण भाषेची. मराठीत ‘त्रुटी’ म्हणजे उणीव. अर्जात त्रुटी आढळल्या तर त्यांची पूर्तता करावी लागते, हेच आपण कार्यालयीन पत्रांत वाचत आलेलो असतो. त्यामुळे ‘तुझ्या प्रयोगात एक टक्का त्रुटी आहे’ हे वाक्य विद्यार्थ्याला आरोपासारखे ऐकू येते. शिक्षकाने तीन गोष्टी पहिल्याच दिवशी वेगळ्या कराव्यात. ४३ चे ३४ लिहिणे, एकोणीस दोलनांना वीस समजणे ही चूक. ती खोडायची आणि मापन पुन्हा करायचे. त्रुटी म्हणजे मोजलेली किंमत आणि खरी किंमत यांतील फरक. खरी किंमत आपल्याला ठाऊक नसते, म्हणून त्रुटीचा नेमका आकडाही ठाऊक नसतो. आपण सांगू शकतो ती अनिश्चितता, म्हणजे खरी किंमत ज्या पट्ट्यात असावी असे मानायला आधार आहे त्या पट्ट्याची अर्धी रुंदी. ‘१००.० ± ०.१ सेंमी’ या लेखनातला ± नंतरचा आकडा म्हणजे कबुलीजबाब नव्हे. ती उत्तराइतकीच मोलाची माहिती आहे. १९९३ मध्ये सात आंतरराष्ट्रीय संघटनांच्या वतीने अनिश्चितता व्यक्त करण्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिने मापनशास्त्राचा रोख अज्ञात ‘त्रुटी’वरून अनिश्चिततेकडे वळवला. शालेय पुस्तके अजून बहुतांशी जुन्याच परिभाषेत बोलतात.

अचूकता आणि परिशुद्धता यांतला भेद समजावायला घरातले भिंतीवरचे घड्याळ पुरेसे आहे. गाडी चुकू नये म्हणून ते दहा मिनिटे पुढे लावलेले असते. ते सेकंदापर्यंत वेळ दाखवते, रोज तितकेच पुढे असते, म्हणजे परिशुद्ध आहे. पण अचूक नाही. शंभर वेळा पाहून सरासरी काढली तरी ती दहा मिनिटे जाणार नाहीत. पद्धतशीर त्रुटी सरासरीने का जात नाही, हे या उदाहरणावरून मुलांना लगेच पटते. व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेज या लहान लांब्या मोजायच्या उपकरणांची शून्य त्रुटी याच जातीची. ती धन असेल तर वजा करायची आणि ऋण असेल तर मिळवायची, हा नियम मुले पाठ करतात आणि परीक्षेत हमखास उलटा लावतात. जबडे मिटलेले असताना उपकरण काय ‘सांगते’ हे आधी विचारले, तर नियम पाठ करावाच लागत नाही.

दोलकाचा प्रयोग

या विषयासाठी साध्या दोलकाइतका चांगला प्रयोग नाही. दोरा, धातूचा गोळा, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच एवढ्यावर तो होतो, आणि विषयातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा त्यात सापडतो.

दोलकाची लांबी १००.० सेंमी आहे आणि ती ०.१ सेंमीपर्यंत मोजता आली, असे धरू. वीस दोलनांना ४०.२ सेकंद लागले. डिजिटल घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते, म्हणून विद्यार्थी अनिश्चितता ०.०१ सेकंद लिहितात. घड्याळाचे बटण मात्र हाताने दाबायचे असते आणि डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. उपकरणाचे लघुत्तम माप आणि मापनाची अनिश्चितता या दोन गोष्टी एक नाहीत, हे येथे समजते. ०.२ सेकंद धरले तर एका दोलनाचा काल २.०१ सेकंद आणि त्याची अनिश्चितता ०.०१ सेकंद येते, म्हणजे अर्धा टक्का. या प्रयोगातून काढायचे असते ते गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो तो. ते काढताना कालाचा वर्ग भाजकात असतो, म्हणून हा अर्धा टक्का दुप्पट होतो, लांबीचा ०.१ टक्का मिळवला की एकूण १.१ टक्के. उत्तर ९.७७ ± ०.११ मी./से.². गणकयंत्राने दिलेले पुढचे सहा-सात अंक जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) उतरवण्याला काही अर्थ उरत नाही, हे मग सांगावे लागत नाही.

वीसच दोलने का, हा प्रश्न जर्नलमध्ये छापलेला नसतो, पण तोच विचारावा. एकच दोलन मोजले असते तर तेच ०.२ सेकंद दोन सेकंदांवर पडले असते : दहा टक्के, आणि गुरुत्व त्वरणात वीस टक्के. तोच हात, तेच घड्याळ, तीच मुले. मोजण्याची रीत बदलल्याने अनिश्चितता वीसपट कमी झाली. अनिश्चितता नशिबाने येत नाही, ती प्रयोग आखताना ठरते, हे विद्यार्थ्याला येथे पहिल्यांदा हाताने अनुभवायला मिळते. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

लांबीबाबत एक चूक नेहमी होते. दोलकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची, पण काही गट दोरा संपतो तिथपर्यंतच मोजतात. गोळ्याची त्रिज्या एक सेंमी असेल तर एका लांबीवरून काढलेले गुरुत्व त्वरण सुमारे एक टक्का कमी येते, आणि सूत्र वापरून हा दोष कधीच दिसत नाही. मात्र पाच-सहा वेगवेगळ्या लांब्या घेऊन लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख काढला, की रेषेचा उतार बरोबरच येतो आणि रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी बाजूने जाते. ती बाजू म्हणजेच विसरलेली त्रिज्या. आलेख काढणे ही परीक्षेसाठीची औपचारिकता समजणाऱ्या वर्गात हे एकदा करून दाखवावे. पद्धतशीर त्रुटी पकडण्याचे हे साधन मुलांच्या कायम लक्षात राहते.

दोलनकाल आयामावर, म्हणजे दोलक किती दूरवर झुलतो यावर, अवलंबून नसतो, असे पुस्तक सांगते. दहा अंशांवरून सोडलेल्या आणि वीस अंशांवरून सोडलेल्या दोलकाच्या कालांत प्रत्यक्षात सुमारे ०.६ टक्के फरक असतो. दोन सेकंदांच्या दोलकाला वीस दोलनांत हा फरक सव्वादोन दशांश सेकंदांच्या आसपास भरतो, म्हणजे हाताच्या अनिश्चिततेत बुडून जातो. पन्नास दोलने मोजली तर तो अर्ध्या सेकंदाहून अधिक होतो आणि उघडा पडतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नेमकी ही तुलना करायला दिली गेली : आधी दोन किमतींची अनिश्चिततेसह तुलना, मग मापन सुधारून पुन्हा तुलना. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की अशा सरावानंतर विद्यार्थी प्रतिमानाच्या (पुस्तकातल्या सोप्या सूत्राच्या) मर्यादांवर स्वतःहून प्रश्न उपस्थित करू लागतात. आपल्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात यासाठी नवे उपकरण लागणार नाही. दोन तासिका लागतील.

‘प्रमाणित किंमत’

जर्नलच्या शेवटी पुस्तकातल्या ९.८ शी तुलना करून ‘शेकडा त्रुटी’ काढण्याची प्रथा आहे. ही प्रथा दिशाभूल करते. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ असते, मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला ते ९.७८६ च्या आसपास येते. वर काढलेल्या ९.७७ ± ०.११ च्या पट्ट्यात ९.८ बसते आणि ९.७८६ सुद्धा. एका टक्क्याच्या प्रयोगाला या दोघांत निवड करता येत नाही. आकडा ९.८ शी जुळतो का, असे विचारण्याऐवजी ९.८ आपल्या पट्ट्यात येते का, असे विचारावे.

जुळवण्याच्या या दबावातून ‘रीडिंग ॲडजस्ट’ करण्याची सवय लागते. उत्तर आधी लिहायचे आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणे मागे भरायची, हे प्रयोगशाळेत राहिलेल्या कुणाला नवे नाही. मोठ्या शास्त्रज्ञांनाही हा मोह चुकला नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून काढलेला इलेक्ट्रॉनचा प्रभार आजच्या किमतीपेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोड्या अधिक प्रमाणात कमी होता, कारण हवेच्या श्यानतेची (वस्तूच्या हालचालीला होणाऱ्या तिच्या अंतर्गत विरोधाची) त्यांनी घेतलेली किंमत सदोष होती. नंतरच्या संशोधकांचे आकडे एकदम योग्य जागी न जाता हळूहळू वर सरकत गेले, कारण मिलिकनपेक्षा फार वेगळे उत्तर आले की लोक त्यात दोष शोधत बसत, असे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या पदवीदान भाषणात सांगितले होते. जर्नल भरणाऱ्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

त्रुटींची बेरीज

बेरीज-वजाबाकीत निरपेक्ष त्रुटी (मापाच्या एककातल्या) मिळवायच्या, गुणाकार-भागाकारात सापेक्ष (टक्केवारीतल्या), आणि घात असेल तर त्याने गुणायचे, हा शालेय नियम सर्वांत वाईट शक्यता धरून केलेला आहे. त्रुटी एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढणे अधिक योग्य, पण अकरावीत साधा नियम पुरतो. मोजून काढलेल्या संख्या (वीस दोलने) आणि व्याख्येने ठरलेल्या किमती यांना अनिश्चितता नसते. प्रकाशाचा वेग १९८३ पासून असाच ठरलेला आहे : २९,९७,९२,४५८ मी./से.

नियमापेक्षा महत्त्वाचे हे, की कुठे लक्ष द्यायचे ते तो दाखवतो. तारेची रोधकता (तिच्या पदार्थाचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) काढताना अर्ध्या मिलिमीटर व्यासाची तार स्क्रू गेजने ०.०१ मिमीपर्यंत मोजली तर व्यासात दोन टक्के आणि क्षेत्रफळात चार टक्के अनिश्चितता येते. मीटरभर लांबीत मात्र ०.१ टक्का. तरीही विद्यार्थी लांबी पुन्हा पुन्हा तपासतात आणि व्यास एकाच जागी एकदाच घेतात.

विद्यार्थी काय मानतात

केप टाउन आणि यॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. घसरगुंडीवरून सोडलेला गोळा जमिनीवर किती दूर पडतो, हे मोजताना पुन्हा मोजावे का आणि का, असे ते विद्यार्थ्यांना विचारत. अनेकांची उत्तरे एका धारणेतून येत : एक ‘बरोबर’ आकडा आहे आणि सरावाने किंवा नशिबाने तो हाती लागतो. एकच आकडा दोनदा आला की तो खरा. दुसऱ्या धारणेत प्रत्येक मापन हा एका विखुरलेल्या संचाचा भाग असतो आणि सरासरी व पसारा मिळून निष्कर्ष देतात. नियम पाठ केल्याने पहिली धारणा जात नाही. सरासरी काढणारा विद्यार्थीही मनात तीच धरून असू शकतो.

अभ्यासक्रमातील स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पुस्तकातून अभ्यासक्रमाचे ओझे कमी करताना मापनातील त्रुटींचा भाग वगळण्यात आला; सार्थ अंक राहिले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१९ च्या अकरावीच्या पुस्तकात हा भाग आहे. जेईई मेन आणि नीट या प्रवेश परीक्षांच्या अभ्यासक्रमांतही तो आहे. परिणामी अनेक विद्यार्थी त्रुटी शिकतात त्या चार पर्यायांच्या प्रश्नातून, हातात उपकरण न घेता. पर्यायांत एकच उत्तर बरोबर असते, आणि एकच बरोबर आकडा असतो ही धारणा आणखी घट्ट होते. बारावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत प्रात्यक्षिकाला शंभरापैकी तीस गुण असतात, पण ते उत्तराच्या जवळिकीवर द्यायचे की अनिश्चिततेच्या विचारावर, हे बरेचसे परीक्षकावर अवलंबून राहते. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये पन्नासपैकी वीस गुण प्रयोगाला असतात. त्याची भारतीय निवड व तयारी मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. तेथे प्रयोगाची आखणी आणि अनिश्चिततेचा अंदाज यांना खरे वजन मिळते, पण तिथवर पोचणारी मुले मोजकीच असतात.

साध्या वर्गात करता येण्याजोगी एक रीत अशी : प्रत्येक जोडीला वेगळी लांबी द्यायची, म्हणजे शेजारचे रीडिंग उतरवून उपयोग नाही. तासाच्या शेवटी सर्वांची गुरुत्व त्वरणाची उत्तरे ± सह फळ्यावर आडव्या रेघांनी मांडायची. बहुतेक रेघा एका जागी दाटतात, एक-दोन दूर पडतात, आणि एखादी इतकी आखूड असते की ती कशालाच शिवत नाही. त्या आखूड रेघेच्या जोडीला आधी बोलू द्यावे.